एक, सात, एक

जावा बेटावरच्या शेतकरी गावात शिरलं की वळणावर कुठेतरी गार्दू दिसतो. चार खांबांवर कौलारू छप्पर, गुडघ्याच्या वर बांबूच्या पट्ट्यांची बैठक, कोपऱ्यात पत्त्यांचा जोड आणि तळाशी कॉफीचा गाळ साचलेले पेले. ही रात्रीच्या गस्तीची चौकी. छपराच्या वाशाला एक पोकळ बांबू टांगलेला असतो, त्याला केंटोंगान म्हणतात. शेजारी एक रंगवलेला पत्रा असतो. पत्र्यावर अक्षरं थोडी आणि गोल ठिपके जास्त. एक ठिपका, मोकळी जागा, पुन्हा एक ठिपका: खून. दोन-दोन: घरात चोर. तीन-तीन: आग. चार-चार: पूर किंवा दुसरी नैसर्गिक आपत्ती. पाच-पाच: जनावरांची चोरी. आणि सगळ्यांत खाली एक, मग सलग सात, मग पुन्हा एक: सगळं ठीक आहे. गावागणिक थोडा फरक सापडतो, पण बहुतेक फलकांचा पाठ हाच.

या सहा ओळींना मी मनापासून रचना मानतो. तिचा कर्ता अज्ञात आहे. ती हातांनी म्हणायची आणि अंधारात, अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायची. आपल्याकडून काय काय जाऊ शकतं आणि ते जाताना शेजाऱ्याने काय करायचं, हे एका शेतकरी समाजाने इतक्या कमी सामग्रीत क्वचितच बांधलं असेल. म्हणून ती ओळीने वाचू या.

आधी वाद्य. पेतुंग जातीच्या जाड बांबूचा बुंध्याकडचा तुकडा घेतात, कारण तिथे पेरं आखूड आणि कड जाड असते. दोन्ही टोकांच्या गाठी तशाच राखायच्या, म्हणजे आतली हवा कोंडलेली राहते. मग लांबीच्या दिशेने एक अरुंद चीर पाडायची. ठोका पडतो तो या चिरेच्या ओठाजवळ, लाकडी ठोकणीने. गावच्या प्रमुखाच्या ओसरीवर टांगलेलं केंटोंगान पुष्कळदा फणसाच्या किंवा सागाच्या ओंडक्याचं असतं. त्यात सगळी पोकळी त्या एवढ्याशा चिरेतून पटाशी घालून कोरून काढावी लागते, आणि ते काम करणाऱ्याला आतली भिंत दिसत नाही, तो ठोकून, ऐकून ठरवतो की अजून किती काढायचं. जाड राहिली तर आवाज दबतो, पातळ झाली तर फाटतो.

या वाद्याचा खरा गुण त्याच्या आवाजाच्या मोठेपणात नाही, आवाज लवकर संपण्यात आहे. घंटेचा नाद रेंगाळतो. एका टोल्याची शेपटी दुसऱ्यात मिसळते आणि दोन होते की तीन, हे लांबून कळेनासं होतं. बांबूचा ठोका कोरडा असतो, उमटतो आणि विरतो. त्यामुळे दोन ठोक्यांमधली शांतता स्वच्छ राहते आणि सगळी भाषा त्या शांततेवर उभी आहे. दोन-दोन आणि चार-चार यांत वेगळेपण ठोक्यांनी येत नाही, विरामाच्या जागेने येतं. पद्यात यती चुकली की अर्थ ढळतो, तसाच इथेही. शिवाय संकटाचा आकडा पाचाच्या पुढे जात नाही, हेही मला फार शहाणपणाचं वाटतं. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला सात आणि आठ यांतला फरक मोजावा लागेल. पाचापर्यंतचा घोळका कान सहज ओळखतो.

आता पहिली ओळ. खुनासाठी एकच ठोका, मध्ये मोठी फट, पुन्हा एक. सगळ्यांत भयंकर घटनेला सगळ्यांत कमी अलंकार दिला आहे. हात थरथरत असला तरी एवढं वाजवता येतं, हा व्यवहार झाला. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहा. पहिला ठोका पडतो आणि तो वाट पाहतो. दुसरा लगेच आला तर चोर, चला, काठी घ्या. तो येत नाही. फट लांबत जाते आणि त्या लांबण्यातच बातमी कळते. भयानक रस उभा करायला इतकं कमी पुरतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन-दोनची ओळ वाचताना जावाचं जुनं घर डोळ्यांपुढे आणावं लागतं. भिंती तट्ट्याच्या, जमीन मातीची. असल्या घराला कुलूप लावून फारसा उपयोग नसतो. चोर दाराकडे जातच नसे. तो बाहेरून भिंतीखालची माती उकरत आत बीळ काढी आणि घराच्या मधोमध उगवे. मातीत बीळ करणाऱ्या मोठ्या रातकिड्याला तिकडे गांग्सिर म्हणतात, तेच या चोरीचं नाव. घरात असायचं तरी काय? पेटीत घडी घालून ठेवलेलं बाटिक, लग्नातलं थोडं सोनं, वाडवडिलांची कट्यार, नंतरच्या काळात सायकल किंवा शिलाई यंत्र. पुढे फरशी आली, विटांच्या भिंती आल्या आणि गांग्सिर संपला. भिंत कमकुवत होती तेव्हा घराचं रक्षण शेजाऱ्याच्या कानाने केलं. दोन-दोनचा ठोका त्या काळचा आहे. तो वाजला की माणसं त्या घराकडे धावतात.

हे धावणं महत्त्वाचं. मी या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या तेव्हा जाणवलं की त्या संकटांची नावं सांगतात त्याहून जास्त कामं सांगतात. दोनला घराकडे धावायचं. तीनला पाणी घेऊन धावायचं. चारला धावायचं ते संकटापासून दूर, उंचावर, आणि वाटेत म्हाताऱ्यांना, पोरांना उचलायचं. पाचला मात्र घराकडे धावून काही हाती लागत नाही, कारण गाय तिथून केव्हाच निघाली आहे. पाच ठोके पडले की गावाबाहेर जाणाऱ्या वाटा आणि पूल अडवायचे, आणि पुढच्या गावाने ते ऐकून आपल्या वाटा अडवायच्या. एकच चूक, पाचाला दोन समजण्याची, आणि सगळी माणसं रिकाम्या गोठ्याभोवती जमतील. म्हणून चोरीला दोन वेगळ्या ओळी दिल्या आहेत. घरात शिरणारा चोर आत येतो, जनावर नेणारा बाहेर जातो.

आगीची ओळ स्वतःच स्पष्ट आहे. चारची ओळ मात्र जावात कधी जुनी होत नाही. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या वस्त्यांमध्ये केंटोंगान हे आजही इशाऱ्याचं साधन आहे. 27 मे 2006 च्या पहाटे सहाच्या सुमारास योग्याकार्ताच्या दक्षिणेला भूकंप झाला, पाच हजारांहून अधिक माणसं गेली. त्या वेळी ठोका द्यायला कुणाला सवड मिळाली नाही. पण त्याच सकाळी समुद्र चढून येतोय अशी अफवा पसरली आणि हजारो लोक उत्तरेकडे पळत सुटले. अफवेला कुठली लय नसते, ती कुणी दिली हे विचारता येत नाही. केंटोंगान वाजवणारा मात्र गावाला माहीत असतो, तो कुठल्या वळणावर बसला आहे हे आवाजाच्या दिशेवरून कळतं आणि खोटा ठोका दिला तर उद्या त्याला त्याच वाटेने जायचं असतं. आता 26 एप्रिलला इंडोनेशियाभर आपत्ती-सज्जतेचा सराव होतो, तेव्हा भोंग्यांबरोबर केंटोंगानही वाजवतात. 2007 चा आपत्ती-व्यवस्थापन कायदा त्या तारखेला झाला, म्हणून तो दिवस. वीज गेली, मनोरे पडले, तरी बांबू वाजतो, एवढं सरकारलाही पटलेलं आहे.

पाचवी ओळ मला सगळ्यांत आवडते. गाई-म्हशींना तिकडे राजाकाया म्हणतात आणि ते सार्थ आहे. जावात अर्ध्या हेक्टरहून कमी जमिनीवर पोट भरणारी कुटुंबं लाखांनी आहेत. अशा घरात गाय ही दुधासाठी नसते. ती बँकेतली ठेव असते. वासरू घ्यायचं, बांधावरचं गवत कापून कापून वाढवायचं आणि पोरीचं लग्न, पोराची शाळा, ऑपरेशन यांच्या वेळी विकायचं. शिवाय गोठ्यातली गाय पुष्कळदा त्या घराची नसतेच. गादुह नावाची पद्धत आहे. पैसेवाला जनावर घेऊन देतो, गरीब ते पोसतो, आणि होणारं वासरू किंवा विक्रीचा फायदा दोघांत वाटला जातो. म्हणजे एका रात्रीत गाय गेली की दोन घरं बुडतात आणि वर दोघांमध्ये संशय राहतो. खरंच चोरीला गेली की तूच विकलीस? पाच ठोके त्या संशयावरही उतारा आहेत. वेळेवर वाजलेलं केंटोंगान ही पोसणाऱ्याची साक्ष असते, सगळ्या गावाने ऐकलेली. योग्याकार्ताच्या आसपास काही गावांनी यावर वेगळा उपाय काढला: सगळ्यांच्या गाई एकाच सामायिक गोठ्यात आणि तिथे पाळीपाळीने पहारा.

ही भीती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जावातले दरोडेखोर आणि जनावरचोर हा इतिहासकारांचा मोठा विषय आहे. ओंघोकहाम यांनी जागो म्हणजे गावोगावच्या दांडग्यांवर लिहिलं, सुहार्तोनो यांनी 1850 ते 1942 या काळातल्या ग्रामीण दरोडेखोरीवर पुस्तक केलं. त्यातलं चित्र अस्वस्थ करणारं आहे: जागोला चोरांची बातमी असे, अंमलदाराला जागोची गरज असे, आणि शेतकरी दोघांनाही देत असे. मुल्टाटुलीच्या 1860 च्या ‘मॅक्स हावेलार’ या कादंबरीत, पश्चिम जावातल्या लेबाक भागात, सैजा नावाच्या मुलाच्या बापाची म्हैस नेली जाते ती रात्री चोराकडून नाही, दिवसाढवळ्या त्या भागाच्या प्रमुखाकडून. तिथे पाच ठोके द्यायचे कुणी आणि कुणाला? सगळ्यांत मोठं केंटोंगान तर त्याच्याच ओसरीवर.

आता शेवटची ओळ. एक, सात, एक. तिला दोरो मुलुक म्हणतात, म्हणजे उंच झेपावणारं कबुतर. एका ठोक्याने उठायचं, सातांनी वर जायचं, एकाने उतरायचं. वरच्या पाचही ओळी एकाच आकड्याची आवर्तनं आहेत, थांबेपर्यंत चालणारी. फक्त हिला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. संकट कधी संपेल ते माहीत नसतं, म्हणून त्याच्या लयीला शेवट नाही. निर्धास्तपणाला मात्र समेवर येता येतं. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, पण रचनेत ते आहे आणि कानाला लागतं.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की सगळं ठीक आहे हे सांगायला एक ओळ लागते, असं या गावाला वाटलं. आपण शांततेलाच सुरक्षितता समजतो, काही ऐकू आलं नाही म्हणजे काही झालं नाही. दोरो मुलुक ते मान्य करत नाही. गस्तवाला झोपला असेल तरी शांतताच असेल. म्हणून त्याने वेळोवेळी वाजवायचं, आणि दूरच्या दुसऱ्या गार्दूने उत्तर द्यायचं. अंथरुणातल्या माणसाला कळतं, कोणीतरी जागं आहे.

कोण जागं आहे हेही त्याला माहीत असतं, कारण काल कदाचित तोच होता. गस्त पाळीने येते. रुकुन तेतांगा म्हणजे शेजारगट, त्यात काही डझन घरं, आणि प्रत्येक घरातल्या पुरुषाची आठवड्यातली एक रात्र. त्याच्यासोबत चालतं ते जिम्पितान. घराच्या दारापाशी खिळ्याला एक छोटं भांडं टांगलेलं असतं. पूर्वी बांबूचं नळकांडं असे, हल्ली पाण्याचा प्लास्टिकचा पेलाही चालतो. झोपण्याआधी घरधनीण त्यात चिमूट-दोन चिमूट तांदूळ टाकते, किंवा आताशा पाचशे रुपियाचं नाणं. मध्यरात्री बॅटरी घेऊन गस्तवाले येतात, भांडं पिशवीत रितं करतात, वहीत त्या घरापुढे खूण करतात आणि पुढच्या दाराशी जातात. जमलेले तांदूळ विकून पैसे गटाच्या खात्यात पडतात. त्यातून रस्त्यावरचा दिवा लागतो, गटार दुरुस्त होतं, आजाऱ्याला भेटायला जाताना काही हातात नेता येतं.

मला यातला दुहेरी पेच फार सुंदर वाटतो. वर्गणी एवढीच हवी असती तर महिन्याला एकदा गोळा केली असती, सोपं होतं. पण रोज, दारोदार आणि रात्री गोळा केल्याने दोन्ही बाजूंची हजेरी लागते. सकाळी भांड्यात तांदूळ तसेच दिसले तर घराला कळतं, काल आपल्या दाराशी कुणी आलंच नाही. आणि एखादं भांडं सलग काही रात्री रिकामं सापडलं तर गस्तवाल्याला दार ठोठावून विचारायला निमित्त मिळतं, बरं आहे ना? मूठभर धान्यात पहारा मोजला जातो आणि विचारपूसही होते.

या फलकावर प्रेम करणाऱ्याने त्याची काळी बाजू झाकू नये. गार्दूचा इतिहास अबिदिन कुस्नो यांनी बारकाईने मांडला आहे. डान्डेल्स हा डच गव्हर्नर-जनरल 1808 ते 1811 या काळात जावात होता. त्याने आन्यर ते पानारुकान असा सुमारे हजार किलोमीटरचा टपालरस्ता वेठीला माणसं लावून करून घेतला, आणि चौक्यांना रस्त्याच्या सत्तेची किनार मिळाली. 1944 मध्ये जपान्यांनी शेजारगट बांधले ते भात आणि मजूर काढून घ्यायला आणि नजर ठेवायला. आजचा रुकुन तेतांगा त्याच मुळातून आला. सुहार्तोच्या राजवटीत, 1980 च्या दशकात, गस्त देशभर एका साच्यात बसवली गेली. गावाच्या तोंडावर पाटी आली की पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी. ज्या कानाने गाईचा माग काढायचा, तोच कान शेजाऱ्याकडे कोण मुक्कामाला आलं हे ऐकू लागला.

आणि 1998. पूर्व जावातल्या बान्युवांगी आणि आसपासच्या भागात चेटूक करतात या संशयावरून शंभरहून अधिक माणसं मारली गेली. काळ्या कपड्यांतल्या मारेकऱ्यांच्या बातम्या पसरल्या, गावोगाव गार्दू उभे राहिले, रात्रभर पहारे बसले, आणि त्या पहाऱ्यांच्या हाती अनोळखी वाटसरू, भ्रमिष्ट माणसं सापडली. काही जिवंत सुटली नाहीत. दोन-दोनच्या ओळीतही हा धोका सदैव आहे. पकडलेला चोर पोलीस येईपर्यंत जमावाच्या हातात असतो, आणि तो चोरच आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नसतं. फलकावर माणसं बोलावण्याच्या पाच ओळी आहेत, त्यांना आवरण्याची एकही नाही. एका चांगल्या रचनेतला हा खरा दोष मानावा लागतो, कारण तो माणसांच्या जिवावर उठला आहे.

दुसरी उणीव अशी, की मालमत्तेच्या या यादीत जमीन नाही. जावाच्या शेतकऱ्याला सगळ्यांत प्रिय तीच. जावानीज म्हणीप्रमाणे बोटभर रुंदीच्या भुईसाठीही माणूस जीव पणाला लावतो. पहिल्या ओळीतला तो एकटा ठोका कितीदा एखाद्या बांधापायी वाजला असेल. मग तिला ओळ का नाही? मला वाटतं, जमीन रात्रीची जात नाही. ती हिरवं पीक आधीच विकून उचललेल्या पैशात जाते, कर्जात जाते, चावडीतल्या नोंदवहीत एका नावाच्या जागी दुसरं लिहिलं गेलं की जाते. 1960 चा जमीन-कायदा झाला तरी बऱ्याच शेतकऱ्यांचा आधार गावच्या करवहीतला उतारा एवढाच राहिला. 2017 पासून सरकारने सरसकट मोजणी करून दाखले द्यायचा मोठा कार्यक्रम घेतला आहे, त्याने पुष्कळांच्या हाती कागद आला. पण कागदाची चोरी कानाला ऐकू येत नाही, आणि केंटोंगान कानाचं आहे.

जानेवारी 1989 मध्ये मध्य जावातल्या केदुंग ओंबो धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा मोबदला नाकारून बसलेली कुटुंबं अजून घरातच होती. पाणी ओसरीला लागलं, मग त्यांनी घरं वर वर हलवली, तराफे बांधले. पाद्री आणि लेखक मांगुनविजाया तिथल्या मुलांसाठी धावले. पूर होता, पण चार ठोक्यांतला नव्हता, कारण तो निसर्गाने आणलेला नव्हता. 8 फेब्रुवारी 2022 ला पुरवोरेजो जिल्ह्यातल्या वादास गावात पोलीस शिरले. बेनेर धरणासाठी त्या डोंगरातला दगड हवा होता, मोजणी करायची होती, आणि विरोध करणाऱ्या साठहून अधिक गावकऱ्यांना उचलण्यात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडलं. तिथेही कुणाचं घर फोडलं गेलं नव्हतं, गाय गेली नव्हती, आग लागली नव्हती, सगळं सरकारी हुकमाने चाललं होतं. अशा वेळी कुठली ओळ वाजवायची, हे त्या पत्र्यावर लिहिलेलं नाही. उरतो तो तितिर, न मोजता, न थांबता बडवायचा ठोका, ज्याचा अर्थ एवढाच की सगळ्यांनी या, काय झालंय ते आल्यावर सांगतो.